कूस बदलायचं गीत

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवणं हे ताकदीचं काम आहे असं लोकांना वाटतं. तसं नाही. ताकद लावली की माणूस घाबरतो. घाबरला की आखडतो. आणि आखडलेलं माणूस, मग ते नुसती हाडं उरलेलं का असेना, दोघातिघांना हलत नाही. म्हणून त्याला ओढायचंच नाही. त्याच्या पाठीखाली, खांद्यापासून मांडीपर्यंत, एक दुहेरी चादर आडवी घालून ठेवायची आणि वळवायच्या वेळी ती चादर ओढायची. माणूस तिच्याबरोबर येतो. फक्त ओढायच्या क्षणी त्याने आपला चांगला हात पलंगाच्या कठड्यावर टाकला पाहिजे. हात पडला की अर्धं काम त्याचं, अर्धं आपलं. नाही पडला तर सगळंच अवघड. आणि वळवलं नाही तर पाठीला लाल डाग येतो, डागाची जखम होते, ती जखम भरता भरत नाही. आजारातून वाचून जखमेने गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

हे काम मी मुलुंड, भांडुप, घाटकोपर या बाजूंना पुष्कळ वर्षं केलं. आजाऱ्यांसाठी बाया पुरवणाऱ्या ब्युरोतून फोन यायचा, पत्ता मिळायचा आणि मी डबा घेऊन निघायचे. घरोघरी मला मावशी म्हणायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चार माणसांत मला बोलता येत नाही, लहानपणापासून नाही. घरात पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात पेज ढवळत उभी राहायचे, ती कधीच शिजलेली असली तरी. लिहिताना कुणी बघत नाही, म्हणून हे लिहिते आहे. कुणाला दाखवायचं असं मनात नाही.

माणसं नाना तऱ्हेची मिळाली. भांडुपचे एक आजोबा मला आपली वारलेली बायको समजायचे आणि भाजी खारट झाली म्हणून रोज ओरडायचे. भाजी मी केलेलीही नसायची. मी तिच्या वतीने "चुकलं" म्हणायचे. एकदा त्यांची सून मला हळूच म्हणाली, "मावशी, सासूबाई जन्मात कधी चुकलं म्हणाल्या नव्हत्या हो. बाबांना केवढं बरं वाटत असेल!"

माझं नाव मंगल. आडनावही असं की ते ऐकून कुणाला काही कळत नाही. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. आमच्यात मंगल, शांता, भास्कर अशीच नावं चालत आलेली आहेत. ब्युरोच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "कुणी विचारलं तर खोटं बोलू नकोस. नाही विचारलं तर सांगत बसू नकोस." मला ते सोयीचंच होतं. न विचारलेलं मी तसंही काही सांगत नाही.

आमच्या मंडळीत मात्र या स्वभावाची पंचाईत व्हायची. मंडळी म्हणजे काही घंटा-मनोऱ्याचं चर्च नव्हे. मुलुंडला वेल्डिंगच्या दुकानावर एक भाड्याची खोली होती, तिथे रविवारी सकाळी चटया टाकून आमची उपासना व्हायची. शेवटी पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, विचारायचे, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असायचा, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटलेली असायची. मी चटईच्या काड्यांकडे बघत बसायचे. शेजारच्या सगुणाबाई मला कोपराने ढोसायच्या. "ऊठ की गं मंगल. तोंड काय भाड्याने दिलंयस?" मी उठले नाही. कधीच नाही.

पण गाणं मी म्हणते. मोठ्याने नाही, ओठांतल्या ओठांत. माझी आई गावी विहिरीवर पोहरा ओढताना एक गीत म्हणायची. त्याची ओळ खालून सावकाश चढते आणि 'येशू' या नावावर येऊन टेकते. त्या नावावर आई दोर ओढायची. मी चादर ओढते. हे मी कधी ठरवून केलं नाही. ओढायचं म्हटलं की माझ्या तोंडात तेच येतं, आणि पेशंटलाही कळतं की आता ओळ चढतेय, आता वळायचं आहे. 'एक, दोन, तीन' म्हटलं की माणसं तीनच्या आधीच अंग आखडतात. गीताला तसं होत नाही.

घाटकोपरच्या आजींकडे मी लागले तेव्हा त्यांची उजवी बाजू गेलेली होती आणि वाचाही. घरात मुलगा मिलिंददादा आणि सून वर्षावहिनी. दादा बँकेत, मऊ स्वभावाचे. आवाज चढवायची वेळ आली की घरातून खाली चक्कर मारायला जायचे. वहिनींनी मला दारातच सांगितलं, "आधीच सांगते मावशी, त्या चावतात."

मी विचारलं, "दात खरे की कवळी?"

"खरे."

"मग जपून राहते."

चावल्या. पहिल्याच दिवशी, मनगटाला. बोलता येत नाही, हलता येत नाही, आणि कुणी परकी बाई येऊन कपडे सोडते, तेव्हा माणसाजवळ दातच उरतात. मी रोज चादर घालायचे, गीत धरायचे, ओढायचे. बरेच दिवस एकटीच ओढत होते. मग एकदा ओळ चढली आणि नावावर त्यांचा डावा हात उठला, कठड्यावर पडला. अगदी नेमका. मी कडवं अर्ध्यात सोडून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी रागाने माझ्याकडे बघितलं, की पुढचं म्हण.

त्यानंतर त्या चावल्या नाहीत.

पावसाळा संपता संपता आजींच्या गळ्यातून आवाज आला. आधी नुसता घुमार, माझ्याबरोबर. मग चाल. वहिनी धावत आल्या, ओला हात तसाच. त्या घरात कित्येक महिन्यांत आजींचा रडण्यापलीकडे आवाज कुणी ऐकला नव्हता. अंगाला व्यायाम द्यायला एक मुलगी येत असे. ती म्हणाली की असं होतं कधीकधी, बोलणं जातं पण गाणं राहतं. मी मात्र त्याच संध्याकाळी वहिनींना सांगितलं. सांगायला मला पूर्ण दुपार लागली.

"वहिनी, हे आमच्या देवाचं गीत आहे. आम्ही ख्रिस्ती. तुम्हाला चालत नसेल तर मी दुसरं काहीतरी बघते."

वहिनी देवासाठी जास्वंदी निवडत होत्या. त्यांच्या बाल्कनीतली फुलं रोज मीच काढून द्यायचे. त्यांनी वर न बघता म्हटलं, "असू दे हो. आवाज आला ना? मला तेवढंच कळतं. यांना नका सांगू उगीच."

दादांना सांगितलं नाही. त्यांना वाटलं, आईचं माहेरचं एखादं जुनं भजन असेल. ते पलंगाशी गुडघ्यावर बसून मोबाइलमध्ये तिचा आवाज भरायचे आणि डोळे पुसायचे. एकदा आनंदाच्या भरात त्यांनी ते घरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवलं. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. नुसती चाल होती तोवर कुणाला काही कळलं नाही. पण आजींच्या तोंडात हळूहळू एक शब्द बसायला लागला. कुठला, ते मला ठाऊक होतं. ज्या शब्दावर हात टाकायचा, तोच. दादांना तो ओळखू आला नाही, ते नवीन भरलेला आवाजही ग्रुपवर पाठवत राहिले.

त्याच दिवसांत मुलुंडला आमच्या खोलीवर माणसं आली. उपासना अर्ध्यावर होती. ढोलकी फोडली, चटया जिन्यावरून खाली फेकल्या, पाळकांना सगळ्यांसमोर मारलं. आम्ही बाया भिंतीला टेकून उभ्या. तुम्ही लोकांना बाटवता, असं ते म्हणत होते. त्या खोलीत बसलेले आम्ही सगळे आजा-पणजापासूनचे ख्रिस्ती, पण ते कुणी विचारलं नाही आणि सांगायला कुणाला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मालकाने खोलीला कुलूप घातलं. त्याच्यावरही दडपण आलं असणार.

मग आम्ही सगुणाबाईंच्या घरी दाराला कडी लावून जमायला लागलो. गाणी नाहीत, नुसतं कुजबुजत. पाळकांचा ओठ सुजलेला होता, शब्द नीट फुटत नव्हते. त्या दिवशी ते रक्तसाक्षींबद्दल बोलले. ज्यांनी विश्वासासाठी जीव दिला त्यांना आमच्यात रक्तसाक्षी म्हणतात. लहानपणी रविवारच्या शाळेत आम्ही त्यांच्या गोष्टी ऐकायचो. एकाला दगडांनी मारलं, तेव्हा त्याला आभाळ उघडलेलं दिसलं. मला त्या गोष्टी ऐकून नेहमी वाटायचं, ही माणसं वेगळ्या मातीची. आपला यांच्याशी काही संबंध नाही.

सगुणाबाईंनी सरळ विचारलं, "पाळक, म्हणजे आता आपणही मरायचं का? तसं असेल तर मला नातीचं लग्न उरकून घेऊ द्या."

पाळकांना हसताना ओठ दुखला. ते म्हणाले, "मरायला कुणी सांगितलेलं नाही, सगुणाबाई. मरण शोधत जाणं हे पापच. आपल्याला कुणी विचारलं तर नाही म्हणायचं नाही, आणि दुसऱ्याला त्यांच्या हाती द्यायचं नाही. एवढंच आपल्या हातात. पुढचं त्याच्या."

मला वाटलं, एवढं तर सोपं आहे. मला कोण विचारायला येतंय?

आठवडाभरात आले. दुपारची वेळ. आजींना पेज भरवून झाली होती आणि पलंगाचं डोकं उंच करून मी त्यांना बसती ठेवलं होतं, कारण भरवल्यावर लगेच आडवं केलं तर अन्न श्वासात जातं. बेल वाजली. मिलिंददादांचा मामेभाऊ अविनाश आणि त्याच्याबरोबर दोन तरुण. दादाही त्या वेळी घरी होते. अविनाशने त्यांना फोन करून बोलावून घेतलं होतं हे मला मागून कळलं. मी सवयीने स्वयंपाकघरात निघाले.

"मावशी, थांब. तुझ्याशीच काम आहे," अविनाश म्हणाला.

त्याने मोबाइल टेबलावर ठेवला आणि आजींचं गाणं लावलं. ओळ चढली, आणि आजींच्या जाड, ओढलेल्या आवाजात नाव आलं. त्याने ते थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. मग पुन्हा.

"माझ्या आत्याला पाणी हवं म्हणून सांगता येत नाही. मुलाचं नाव घेता येत नाही. आणि हे नाव घेता येतं. कसं काय?"

मी पेजेचे हात पदराला पुसले.

"ख्रिश्चन आहेस?"

विचारलं होतं. सरळ. हॉलमध्ये पाच माणसं होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. मला उपासनेतली चटई आठवली. इथे खाली बघायला फरशी होती, गुळगुळीत, तिच्यात काड्याही नव्हत्या.

"हो," मी म्हणाले.

"मोठ्याने बोल."

"हो."

दोघांपैकी एकाने मोबाइल काढून माझ्या तोंडासमोर धरला. त्याचं वय माझ्या भाच्याएवढं असेल. "आता सांग, कुणी पाठवलं तुला इथे?"

"ब्युरोने."

त्याला हसू आलं. "ब्युरो नाही गं. फादर कोण तुझा? कुठे जमता? किती देतात एकाचे?"

दादा म्हणाले, "अरे, नीट बोल. वयाने मोठ्या आहेत त्या."

"तू गप रे मिल्या. तुझ्या घरात हे चाललंय आणि तुला पत्ता नाही. वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

वर्षावहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी एकदाच त्यांच्याकडे बघितलं. त्या आपली बांगडी फिरवत होत्या, मनगटावर गोल गोल.

"नाही," त्या म्हणाल्या.

मी नजर काढून घेतली. 'वहिनींना मी सांगितलं होतं' एवढं म्हटलं असतं तर माझ्यावरचा अर्धा भार उतरला असता. ते वाक्य तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्यांना त्या घरात राहायचं होतं. मला संध्याकाळी निघून जायचं होतं.

"सोपं करतो," अविनाश म्हणाला. "कॅमेऱ्यात सांग की तुला अमक्याने पाठवलं, तू चुकून त्याच्या नादी लागलीस, पुन्हा करणार नाही. त्याचं नाव सांग. आम्ही तुला हात लावणार नाही. मिल्या तुला कामावरही ठेवील. ठेवशील ना रे?"

दादांनी मान हलवली. त्यांना ते खरंच बरं वाटलं असावं, की यातून मार्ग निघतोय.

मला लघवी लागली होती. धीर वगैरे काही नव्हता माझ्यात. पाळकांचा सुजलेला ओठ डोळ्यांपुढे येत होता, आणि त्यांचं नाव माझ्या तोंडातून गेलं तर त्या ओठाचं पुढे काय होईल तेही. मी तोंड मिटून उभी राहिले. मला तेवढंच येत होतं. आयुष्यभर ज्या गप्प बसण्यासाठी बोलणी खाल्ली, ते त्या दिवशी कामाला आलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. आतून आजी कण्हायला लागल्या. मी त्या कण्हण्याच्या तऱ्हा ओळखत होते. ही ओलं झाल्याची होती. शिवाय एका जागी फार वेळ बसल्या होत्या.

"त्यांना बघायला हवं," मी म्हणाले.

"वहिनी बघतील."

वहिनी आणि दादा आत गेले. आम्हाला हॉलमधून सगळं दिसत होतं. दादांनी पलंगाचं डोकं खाली केलं, खांद्याला धरलं, वहिनींनी कमरेला. "आई, वळ हं, एक, दोन..." आजींनी डोळे मोठे केले, अंग लाकडासारखं केलं आणि किंचाळल्या. डाव्या हाताने त्यांनी गादीची कड पकडली, उलट्या बाजूची. दादा हात सोडवायला गेले तर त्या चावल्या. कण्हणं वाढत गेलं. वहिनी रडायला लागल्या.

दादा दारात आले. घामाघूम. "मावशी, तुम्ही करा. प्लीज."

अविनाश म्हणाला, "कर. पण ते गाणं नाही."

मी म्हणाले, "गाण्याशिवाय त्यांचा हात पडत नाही."

तेव्हा दादा माझ्याजवळ आले आणि अगदी हळू, विनवल्यासारखं बोलले. त्या दुपारी मला सगळ्यांत अवघड गेलं ते त्यांचं ते बोलणं. अविनाशची दमदाटी नाही. "मावशी, चाल तीच ठेवा ना. फक्त त्या जागी राम म्हणा. दोनच अक्षरं. आईला काय फरक पडणार आहे? तुम्हालाही काय पडतो? मनात काय म्हणायचं ते म्हणा."

अविनाशला ते पसंत पडलं. "हां. राम म्हण आणि सुटलीस. फादरचं नावही नको मग."

सगळी वाट बघत होती. मोबाइल समोर होता. आत आजी कण्हत होत्या. मला मनातल्या मनात वाटलं, काय हरकत आहे? त्या बाईच्या पाठीसाठी. पाळकही वाचतात. कुणाचंच काही बिघडत नाही. आणि मग मला कळलं की मोठ्या गोष्टी कुणी विचारतच नसतात. विचारतात ते हे एवढंसंच असतं.

मी म्हणाले, "दादा, रामाचं नाव वाईट नाही. तुमच्या देवाची फुलं मी रोज काढून देते, आंघोळ करून. पण माझ्या मनात नसताना, तुम्हाला भिऊन, मी ते नाव तोंडाने घेतलं तर तो तुमच्या देवाचाही अपमान. मी खोटं नाव घेऊन तुमच्या आईला हात लावणार नाही."

एवढं लांब मी कुठल्याच माणसांसमोर कधी बोलले नव्हते.

मग मी आत गेले. कुणी अडवलं नाही. तो मुलगा मोबाइल धरून पलंगाच्या पायथ्याशी आला. गोष्टीतल्या त्या माणसाला आभाळ उघडलेलं दिसलं होतं. मला काही दिसलं नाही. मला आजींचा ओला गाऊन दिसत होता आणि चादरीला पडलेली चुणी, जी तशीच राहिली तर पाठीला लागणार होती. मी चुणी काढली. आजींच्या बोटांवर हात ठेवून ती गादीवरून सोडवली. आणि गीत धरलं, रोजच्याच आवाजात, त्याहून मोठं नाही आणि बारीकही नाही. ओळ चढली. नावावर आजींचा हात उठला आणि कठड्यावर पडला. मी चादर ओढली. त्या वळल्या, आणि माझ्याबरोबर त्यांनीही ते नाव घेतलं.

मी त्यांना कोरडं केलं, पावडर लावली, पाठीमागे उशी दिली.

शेवटी अविनाश म्हणाला, "झालं. मिळाला पुरावा."

मला चौकीत नेलं. तिथल्या बाई कॉन्स्टेबलने पाणी दिलं आणि म्हणाली, "मावशी, कामावर गाणं कशाला म्हणता तुम्ही? मोबाइलवर लावायचं ना." अविनाशने पुष्कळ आरडाओरडा केला, पण तक्रार घरच्या माणसाने द्यायला हवी होती, आणि दादा टेबलापुढे पेन हातात घेऊन बसून राहिले. मग पेन ठेवून खाली चक्कर मारायला गेले, ते परत आलेच नाहीत. काळोख पडायच्या आत मला सोडलं.

तो व्हिडिओ मात्र सगळीकडे गेला. ब्युरोच्या मॅडमनी फोन केला. "मंगल, मला वाईट वाटतं, पण आता तुला कुठेच पाठवता येणार नाही. तुझा चेहरा लोकांना माहीत झालाय." मी घरी बसून तयार कपड्यांचे धागे कापायला लागले. पाळकांचं नाव मी सांगितलं नाही, तरी ते त्यांना सापडलंच. त्यांना मुलुंड सोडून जावं लागलं. हे कळलं त्या दिवशी मी सगुणाबाईंकडे जाऊन रडले. म्हटलं, मग माझ्या गप्प राहण्याचा उपयोग काय झाला?

सगुणाबाई म्हणाल्या, "उपयोगाचं काम वेगळं गं. ते तुझ्या तोंडून गेलं नाही, एवढंच तुझं होतं." आणि थोड्या वेळाने, "आणि हे बघ, आता साक्षीला नाही उठलीस तरी चालेल. सगळ्या घाटकोपरने ऐकलीय तुझी साक्ष."

लोक मला धीराची म्हणतात. ते मला पटत नाही. शिवाय एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आजींनी माझा देव मानला असं मी कधी म्हणणार नाही. त्यांच्या तोंडात तो शब्द हात टाकायची खूण म्हणून बसला, आणि त्यांना हो-नाही म्हणता येत नव्हतं, हे अविनाशचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. रक्तसाक्षींच्या गोष्टीत ते स्वतः मरतात. त्यांच्यावाचून मागे कुणाची पाठ सडली, ते गोष्टीत नसतं. मी नाव बदललं नाही म्हणून मला कामावरून जावं लागलं, आणि मी गेले म्हणून आजींना वळवणारं कुणी उरलं नाही. मी पुन्हा त्या जागी उभी राहिले तरी दुसरं काही करू शकेन असं वाटत नाही. पण त्याची किंमत एकटी मी मोजत नव्हते, हेही खरं.

नाताळ उलटल्यावर एका सकाळी फोन आला. नंबर ओळखीचा. मी बराच वेळ वाजू दिला.

"मावशी, मी वर्षा. आईंच्या पाठीला जखम झालीये."

"केवढी?"

"रुपयाएवढी होती. आता वाढलीये. नवीन बाई येतात, त्यांना हात लावू देत नाहीत. मी एकटीने ओढते, जमत नाही. तुम्हाला बोलवायची हिंमत नाही माझी. खाली वॉचमनला सांगून ठेवलंय अविनाशने. आणि कुठल्या तोंडाने बोलवू? मी त्या दिवशी..."

"ते राहू द्या वहिनी. चादर आडवी घातलीय का?"

"घातलीये."

"चुणी?"

"काढली."

"मग?"

"ते गाणं शिकवा मला. शब्द नको. नुसती चाल सांगा. मी गुणगुणते."

मी म्हणाले, फोन स्पीकरवर करून त्यांच्या कानाशी ठेवा. दोन्ही हातांनी चादरीची कड धरा, मुठी अंगाला लावून. मी ओळ धरते. ओळ चढून टेकली की ओढायचं, आधी नाही.

मी शब्दांशिवाय, नुसती चाल धरली. पलीकडे वहिनीही चाचपडत गुणगुणायला लागल्या, घाबरलेल्या, सुरात नाही. ओळ चढली आणि जिथे टेकायची तिथे आम्ही दोघी गप्प झालो. मीही, त्याही. त्या रिकाम्या जागेत आजींचा आवाज आला, जाड, ओढलेला. त्यांनी नाव घेतलं. कठड्यावर हात आपटल्याचं मला फोनमधून ऐकू आलं.

"वळल्या," वहिनी म्हणाल्या. मग त्या बराच वेळ रडत होत्या. मी त्यांना सांगितलं की रडणं नंतर, आधी पाठ उघडी ठेवून तिला हवा लागू द्या.

मला वाटलं, आता त्या फोन ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. पलीकडून आजींचा तो रागावलेला घुमार येत होता, की पुढचं म्हण.

"मावशी," वहिनी म्हणाल्या, "दुसऱ्या कुशीला शब्दांसकट म्हणा."

मी दुसरं कडवं धरलं.